उजेडातली चारशे दहा पावलं

सन्माननीय अध्यक्ष असलेले आपल्या गावाचे डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिकाबाई, आज आपला निरोप घेणाऱ्या सत्कारमूर्ती, ज्यांना सरकारी कागदावर भूमापन अधिकारी म्हणतात आणि आपण सगळे मोजणीबाई म्हणतो, समोर पहिल्या रांगेत बसलेली खाणीतली जुनी मंडळी आणि त्यांच्यात बसलेले माझे वडील, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले माझे तरुण मित्र, तुम्हा सर्वांना गावसमितीचा चिटणीस या नात्यानं माझा नमस्कार.

डॉक्टरसाहेबांनी मला सात मिनिटं दिली आहेत. पेशंटला ते तीन देतात, त्यामुळे मी हा माझा बहुमान समजतो. तरी मी घड्याळ काढून ठेवलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. बाईंची गाडी साडेपाचची आहे आणि तोवर त्या कुठे जात नाहीत.

आपण ज्या सभागृहात बसलो आहोत, ते खाणकामगारांचं न्हाणीघर होतं. तरुण मंडळींना हे ऐकून माहीत आहे, पण ऐकून माहीत असणं वेगळं. वर बघा. छताला ज्या साखळ्या लोंबताहेत, त्यांच्या आकड्यांना बाहेरचे स्वच्छ कपडे अडकवून वर ओढून ठेवायचे, म्हणजे खालच्या काळ्या पाण्याचे शिंतोडे उडायचे नाहीत. एका पाळीचे तीनशे लोक इथे अंग घासत असत. आमच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे तरीही कानामागचा कोळसा घरीच यायचा. आता त्या आकड्यांना आपण दिवे टांगले आहेत. हे दिवे लावायची कल्पना कोणाची, असं पाहुणे मला विचारतात तेव्हा मी नम्रपणे गप्प बसतो, म्हणजे त्यांना ती माझी वाटते. ती बाईंची आहे.

खाण बंद झाली तेव्हा गावात काय झालं, हे मी सांगत बसत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही. अर्धं गाव पांगलं, उरलेलं पारावर... नाही, पार आपल्याकडे नव्हताच, उरलेलं बेकरीच्या पायऱ्यांवर बसायला लागलं. आमचे वडील मात्र पायरीवर बसले नाहीत. का, ते सांगतो, कारण आजची सगळी गोष्ट तिथेच अडकलेली आहे.

वडील एकतीस वर्षं खाणीत होते, त्यांतली शेवटची बारा मुकादम म्हणून. तरुणपणी त्यांना उथळ बोगद्यात काम होतं. हा बोगदा जुन्यातला जुना, त्याचं छत छातीएवढं. पाळीभर वाकून राहायचं. वर आलं की खाणीच्या तोंडाशी माणूस उभा राहायचा आणि सावकाश सरळ व्हायचा, आणि तो सरळ होईपर्यंत त्याला कोणी हाक मारायची नाही, हा आपल्या गावाचा शिरस्ता होता. बायकोसुद्धा थांबायची. वडिलांनी हा शिरस्ता फारच मनावर घेतला. खाणीतून सुटल्यावर ते म्हणाले, आता चारचौघांत वाकणार नाही. खुर्ची उंच, टेबल उंच, बुटाला नाडी नाही. हातातलं काही खाली पडलं की ते त्याच्याकडे नुसतं बघत उभे राहायचे. आई म्हणायची, या घरात जे पडेल ते माझं. हसताय, पण तिनं हे पंधरा वर्षं केलं. तिची आठवण आज येणारच होती, आली.

आता मुद्द्यावर येतो. अध्यक्षसाहेब माझ्याकडे बघताहेत.

चौदा वर्षांपूर्वी शाळेच्या भिंतीला तडा गेला. आधी एक बोट, मग दोन बोटं. त्यानंतर मधल्या गल्लीतला विजेचा खांब कलला. अधिकारी आले, त्यांनी सांगितलं की गावाखाली तो उथळ बोगदा अजून पोकळ आहे आणि तो कुठून जातो हे कोणत्याच नकाशात नाही. नकाशे काढायची पद्धत सुरू व्हायच्या आधीचा तो, आणि आत शिरायची वाट कधीच बुजलेली. नव्वद दिवसांत पोकळी नेमकी कुठे आहे ते कळलं, तर ती भरून घेऊ, तेवढी घरं हलवू. नाही कळलं, तर सगळं गाव उठवून दुसरीकडे वसवू. दोनशे सहा घरं. आणि हे शोधायला त्यांनी एक बोअरचं यंत्र आणि एक बाई पाठवल्या. बाई सहा आठवड्यांसाठी आल्या होत्या. आमच्या मागच्या खोलीत उतरल्या. येताना एकच बॅग होती, आज जाताना टेम्पो सांगावा लागला.

त्या बोगद्यात काम केलेले गावात एकच उरले होते, ते आमचे वडील. दिवा विझला तर अंधारात परत येता यावं म्हणून उथळ बोगद्यात जो तो आत जाताना पावलं मोजायचा. मोठ्यानं मोजायचा, म्हणजे पुढच्यालाही ऐकू जाईल. वडिलांना आकडा तोंडपाठ होता. खाणीच्या तोंडापासून सरळ पूर्वेला चारशे दहा पावलं, तिथे बोगद्याची मोठी खोली, आणि तीच सगळ्यात धोक्याची. झोपेतून उठवून विचारलं तरी चारशे दहा.

मग काय, मी निघालो. समितीचा चिटणीस, हातात फाइल, मागे बोअरचं यंत्र, त्याच्यामागे गाव. मी मोठ्या रुबाबात चारशे दहा पावलं मोजली. ती मला घेऊन गेली थेट फुटबॉलच्या मैदानात, घरांच्याही पलीकडे. तिथे बोअर मारलं. खाली अखंड खडक. दहा हात डावीकडे मारलं, खडक. उजवीकडे मारलं, खडक. तीन दिवस आम्ही त्या मैदानाची चाळण केली. गोलकीपर अजून माझ्या नावानं बोटं मोडतो.

आणि मग लोक बोलायला लागले. तोंडावर कोणी नाही, पण बेकरीच्या रांगेत, न्हाव्याच्या दुकानात. मुकादमाचं आता वय झालं. मुकादम भ्रमिष्ट झाला. वडिलांच्या कानावर ते जात होतं, त्यांचे कान तिखट आहेत. ते घराबाहेर पडायचे थांबले. जेवताना एकदा मला म्हणाले, आकडा बरोबर आहे. मी म्हटलं, हो बाबा. ज्या सुरात आपण लहान मुलाला हो म्हणतो, त्या सुरात म्हटलं.

मित्रहो, इथून पुढचं मी कधी कुठे बोललेलो नाही. आजही भाषण लिहून आणलंय त्यात हे नाही. पण बाई आज जाणार, आणि त्या गेल्यावर हे ज्यांना माहीत आहे असं दुसरं कोणी उरणार नाही. म्हणून सांगतो.

वरच्या कचेरीतून एक कागद आला. पोकळीबद्दल गावात विश्वासार्ह माहिती देणारं कोणी आहे का, चिटणिसानं लेखी कळवावं. मी लिहिलं. वडिलांचं नाव लिहिलं, आकडा लिहिला, बोअरचा निकाल लिहिला. आणि शेवटी एक ओळ लिहिली. ती मला पाठ आहे. ‘माझे वडील असले तरी वयोमानानुसार त्यांच्या स्मरणशक्तीवर विसंबता येणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.’ खाली सही, तारीख, समितीचा शिक्का. शिक्का जरा तिरका पडला म्हणून मी तो दुसऱ्यांदा मारला, इतका मी प्रामाणिक होतो.

तो कागद बाईंच्या फाइलला लागला. वडिलांना कळलं की मी काहीतरी लिहून दिलंय. त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी बाईंना स्वयंपाकघरात बसवून तो वाचून दाखवायला सांगितला. मी घरात शिरलो तेव्हा बाई कागदाची घडी घालत होत्या आणि वडील चहा ओतत होते. थोड्या वेळानं मी बाईंना फाटकाशी गाठलं. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, “शेवटची ओळ मी वाचली नाही.” एवढंच. पुढे चौदा वर्षांत त्यांनी या विषयावर एक अक्षर काढलं नाही. मी बाईंचा ऋणी आहे असं मी दर कार्यक्रमात म्हणतो, तेव्हा लोकांना वाटतं मी नकाशाबद्दल बोलतोय.

नकाशाची गोष्ट अशी. आमच्या घरी जिन्याखाली बुटकी खोली आहे, वडिलांचा खाणीतला दिवा आणि हत्यारं तिथे असतात. तिथे ते दुसऱ्या कोणाला शिरू देत नाहीत, म्हणून तिथे मात्र स्वतः वाकतात. त्याच संध्याकाळी बाईंना पहार हवी होती. वडील ती आणायला आत शिरले आणि बाई दारात उभ्या राहून त्यांच्या पायांकडे बघत राहिल्या. वाकल्याबरोबर त्यांची चाल बदलली. एका पायाच्या अंगठ्यापुढे जेमतेम दुसऱ्याची टाच. भिंतीपर्यंत पाच पावलं. ताठ माणसाला ते अंतर तीन पावलांचं होतं, बाईंनी बाहेरून मोजून पाहिलं.

सांगा आता. आपण सगळे खाणीवाले, आपले आजे-पणजे त्या बोगद्यात वाकून चालले, आणि आपल्यातल्या एकालाही सुचलं नाही की ती पावलं वाकलेल्या माणसाची होती. आम्ही अंधारातली पावलं उजेडात ताठ मानेनं मोजत बसलो. वडिलांनासुद्धा सुचलं नाही. वर आल्यावर आपण वाकतच नाही, मग सुचणार कुठून?

गणित सोपं होतं, चारशे दहाचे साधारण अडीचशे. पण बाईंना गणितावर बोअर मारायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, पाऊल नेमकं केवढं पडत होतं ते मुकादमांनी चालूनच दाखवायला हवं, खाणीच्या तोंडापासून, छातीएवढ्या छताखाली. म्हणजे भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर, वाकून. मी बाईंना म्हटलं, विसरा. ते मरतील पण हे करणार नाहीत. बाईंनी त्यांना विचारलं. वडिलांनी हातातली पहार भिंतीला टेकवली. मग म्हणाले, उद्या सकाळी शाळा भरायच्या आत.

तुमच्यातल्या पुष्कळांनी ते पाहिलंय. बेकरीवाले आणि पोस्टमन दोन बाजूंनी छातीच्या उंचीवर एक फळी धरून चालले, आणि तिच्याखाली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आमचे वडील. एका हातात दिवा, विझलेला, कारण हातात दिवा नसला तर चाल चुकते म्हणाले. मोठ्यानं मोजत होते. मी त्यांच्या मागे खडूनं खुणा करत चाललो होतो. दीडशेच्या सुमाराला त्यांचा श्वास लागला. बाई म्हणाल्या, थांबू या. ते थांबले नाहीत. दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. चारशे दहाला ते बेकरीच्या मागच्या अंगणात पोचले. बेकरीवाल्यांनी फळी खाली ठेवली. वडील सावकाश सरळ झाले, आणि ते सरळ होईपर्यंत त्यांना कोणी हाक मारली नाही.

तिथे बोअर मारलं. सत्तावीस फुटांवर यंत्राची दांडी हातभर एकदम खाली गेली. पोकळी सापडली.

पुढचं सगळं आपल्या डोळ्यांसमोर आहे. अकरा घरं हलली, एकशे पंच्याण्णव जागेवर राहिली. बोगदा भरायला दोन वर्षं लागली आणि तोवर बाईंनी बदली घेतली नाही, नंतर आली ती रद्द करून घेतली. मधल्या गल्लीत आता बांधकाम नाही, तिथे पोरं चाकाच्या बुटांवरून सुसाट जातात आणि डॉक्टरांकडे येतात. खाणीतून उपसलेल्या पाण्यावर, खाणीबाहेरच्या राखेच्या ढिगावर झाडं उभी राहिली. बाईंनी पहिलं रोप लावलं तेव्हा याच रांगेतले काही जण नाक मुरडत होते, मी नावं घेत नाही, ते आपणहून खाली बघताहेत. खाणीच्या जुन्या यंत्रघरात सुतारशाळा आली. पांगलेल्यांपैकी एकोणीस कुटुंबं परत आली. बाई, हे गाव तुमच्यामुळे राहिलं, असं म्हटलं की तुम्ही चिडता आणि वडिलांकडे बोट दाखवता. आज दोघांकडे दाखवतो.

आणि बाबा, आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही म्हणालात आकडा बरोबर आहे. तो बरोबर होता. मी सही करून तो खोटा ठरवला. बाईंनी ती ओळ तुम्हाला वाचून दाखवली नाही, आणि मी चौदा वर्षं त्यांच्या आडोशाला उभा राहिलो. तुमच्या सुनेलाही मी हे सांगितलेलं नाही. आज सगळ्यांदेखत सांगतो, मी चुकलो.

नाही, थांबा. उठू नका बाबा, बसूनच बोला. पोस्टमन, त्यांना माइक द्या जरा. नको? बरं. मागच्यांना ऐकू आलं नसेल तर मीच सांगतो. वडील म्हणताहेत...

जरा पाणी द्या.

वडील म्हणताहेत, “बाईंनी सगळं वाचलं होतं. शेवटच्या ओळीसकट. मीच त्यांना म्हटलं, त्याला सांगू नका. आधीच त्याचं जेवण सुटलंय.”

बाई, वर दिव्यांकडे काय बघताय? खरं आहे हे?

खरं आहे म्हणताहेत.

म्हणजे बाबा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फळीखाली तुम्ही वाकलात, तेव्हा मी काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक होतं. आणि मी तुमच्या मागे खडू घेऊन चाललो होतो.

अध्यक्षसाहेब, माझ्या कागदावर यापुढे अजून दीड पान आहे, ते मी वाचत नाही. वडील खूण करताहेत की आटप, बाईंची गाडी चुकेल. आपण सगळे आलात, शांतपणे ऐकून घेतलंत, मी तुमचा आभारी आहे. बाई, तुमचे आभार मला मानता येत नाहीत, ते राहू देत. भाषण संपवताना वक्त्यानं झाल्या-गेल्या चुकांबद्दल माफी मागायची असते. मी इथे बावीस वर्षं भाषणं करतोय आणि दर वेळी ती मागत आलोय, पण आजवर कोणाकडे बघून मागितली नव्हती. बाबा, मला माफ करा.