काटलेलं नाव

(१९५२, पहिल्या निवडणुकीचा दिवस. मेडशीच्या शाळेतून मतदान करून परतणारी बैलगाडी. जगदेव गाडी हाकतो आहे. त्याची बायको रुख्मिणी गाडीत न बसता मागून चालते आहे.)

जगदेव : बस न वं गाडीत. काटे रुततीन.

रुख्मिणी : तुमी चाला. मले पायीच येऊ द्या.

जगदेव : मत नाई पडलं म्हून रुसली? अवं, तुह्या एकलीचंच नाई. देशमुखीनबाईचं बी नाव काटलं. ‘मोठ्या घरची सून’ लिवलं होतं म्हने. नवं लुगडं नेसून आलती, तशीच वापस गेली.

रुख्मिणी : मंग झाली म्हना बरोबरी साऱ्यायची.

जगदेव : मजाक नको करू. रामराव मास्तर सांगत होते, आपली घटना लय मोठी हाय. देशमुखाले एक मत, त्याच्या सालदाराले बी एकच. बाईले बी. मांगावं नाई लागलं, आपसूक भेटलं.

रुख्मिणी : भेटलं खरं. पन देनाऱ्यायनं घरात डोकावून नाई पाह्यलं, बाईले काय म्हून हाका मारतात ते.

जगदेव : नियम हाय तो. अमक्याची माय, तमक्याची बायको चालत नाई. मास्तर नावं लिवाले आले, तवा तू काय सांगतलं?

रुख्मिणी : वामन्या मांडीवर पीत होता. म्या म्हतलं, वामन्याची माय. ते म्हने, तुहं नाव सांग बाई. म्या म्हतलं, हेच. हासले अन् लिवून घेतलं.

जगदेव : रुख्मिणी म्हतलं असतं, तं आज तुह्या बी बोटाले शाई असती.

रुख्मिणी : मले शाई नोको होती.

जगदेव : मंग सकाळपासून रांगेत काहून उभी होती?

रुख्मिणी : ते साहेब एकेक नाव पुकारून राह्यले होते न, मोठ्यानं... देवी आल्या अन् लेकरू गेलं, तवापासून त्याचं नाव कोनी घेत नाई घरात. सासूबाई गप. तुमी तं मले नुसतं ‘अवं’ म्हनता. म्या म्हतलं, सरकारच्या कागदात तं हाय न वामन्या. साहेब पुकारतीन, म्या ‘हो जी’ म्हनीन. एकडाव कानानं आयकीन.

जगदेव : अन् साहेब म्हने, नाव काढून टाकलं.

रुख्मिणी : हो.

जगदेव : ...पाच सालानं पुन्हा हाय म्हने निवडनूक. तवा बराबर सांगजो. रुख्मिणी जगदेव.

रुख्मिणी : इश्श! चारचौघात तुमचं नाव घेऊ म्या?

जगदेव : घे. घटनेनं सांगतलं म्हून घे.

रुख्मिणी : घेईन. मत भेटन मंग मले. पन लेकरू कागदात बी नाई राह्यलं जी.

जगदेव : हो ऽ हो! थांब रे ढवळ्या.

रुख्मिणी : गाडी काहून थांबवली?

जगदेव : दिवस बुडून राह्यला. चढ... गाडीत बस, वामन्याची माय.