खंडेनवमीला उघडलेली मशीन

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या बियाणे संघाचे चेअरमन माणिकरावजी, व्यासपीठावरील सर्व संचालक, आजचे सत्कारमूर्ती आणि आमच्या संगणक विभागाचे प्रमुख दत्तराव साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या कमलबाई वहिनी, ताडकळस, चुडाव्यापासून कामं सोडून आलेले शेतकरी बांधव, आणि मागच्या दारात चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या माझ्या चतुराबाई,

मी सत्यशीला. संगणकाच्या खोलीत झाडलोट करते, फायली आणते-नेते. आधीच्या वक्त्यांनी साहेबांची शिस्त सांगितली, सचोटी सांगितली. सगळं खरं आहे. पण याच महिन्यात काय घडलं, ते कुणी बोललं का? नाही. साहेबांची आब राखायची म्हणून. मी सकाळीच त्यांना विचारलं, "सांगू का?" ते म्हणाले, "तुमी न्हाई सांगितलं तर मलाच उठावं लागंल." म्हणजे परवानगी आहे. चतुराबाई, आता पळू नका.

आमच्या मोठ्या मशीनला इंजिनिअर लोक सर्व्हर म्हणतात. खोलीतले चारही पडदे तिच्या जिवावर चालतात. तिच्या पोटात दोन हार्ड डिस्क असतात, चपट्या विटेएवढ्या. पहिलीत मशीन चालू करणारी व्यवस्था, म्हणजे सिस्टिम, दुसरीत संघाच्या नोंदी: कोणत्या शेतकऱ्यानं कोणतं बियाणं कोणत्या रानात पेरलं.

त्या नोंदी माझे पती पंडित यांनी टाकल्या. पाच वर्षं टाकत होते. दोन वर्षांपूर्वी काविळीनं ते गेले, आणि संघानं मला कामावर घेतलं. प्रत्येक नोंदीच्या शेवटी शेऱ्याची जागा असते. तपासनीसाला शेत सापडावं म्हणून ते तिथं खुणा लिहायचे. "ओढा ओलांडून डावीकडं. कुत्रं मोकळं असतं, लांबूनच हाक मारावी." "आजीबाईंना कमी ऐकू येतं. मोठ्यानं बोलावं, पण रागावून नाही." हे शेरे छापील यादीत येत नाहीत, फक्त पडद्यावर दिसतात. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं, आणि नंतर या शेऱ्यांवर. जेवणाच्या सुट्टीत साहेब मला रोज दहा शेरे वाचू देत. घरी पंडितांचा एक फोटो आहे, पण त्यांचा आवाज मला त्या पडद्यावरच ऐकू येतो.

तर जुन्या डिस्क घरघर करायला लागल्या. दसऱ्याच्या आठवडाभर आधी कंपनीचे इंजिनिअर सूर्यभान औरंगाबादहून आले. सगळं नव्या डिस्कांवर उतरवलं, मशीन चालवून दाखवली आणि जुन्या डिस्का मोडीत काढायला घेऊन सणाला गेले.

मग खंडेनवमी आली. आपण औत-कुळवाची पूजा करणारी माणसं! नव्या वस्तूला हळदकुंकू लागल्याशिवाय राहील का? दरवर्षी मशीनला बाहेरून हार घालतात. यंदा साहेब म्हणाले, "नवं तर आत हाय. पूजा झाकणाची करायची का?" स्क्रू निघाले, दोन्ही डिस्का सुटल्या आणि ताटात विराजमान झाल्या.

मी पूजेत नव्हते. एक तर आमच्या घरी ही पूजा नाही, आणि दुसरं, विधवेपुढं कुंकवाचं ताट कुणी फिरवत नाही. कारणं दोन, उंबरा एकच. पण उंबऱ्यावरून फार छान दिसतं! चतुराबाई ओरडल्या, "अवो साहेब, ताटाचं तोंड दक्षिणेला हाय की!" आणि त्यांनी ताट अर्धं फिरवलं. डावी, म्हणजे पहिली डिस्क उजवीकडं गेली. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. पूजा आटोपली, साहेबांनी डावीकडची उचलून पहिल्या जागी बसवली. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

दसरा झाला. सोनं वाटून झालं. बटण दाबलं, तर मशीन उठेना! पडद्यावर एकच ओळ: सिस्टिम सापडत नाही. सूर्यभान धावत आले. दोन दिवस झगडले. वायरी बदलल्या, वीज तपासली, आतली कार्डं काढून खोडरबरानं घासली. पुन्हा तीच ओळ.

"कुणी उघडली होती का?" त्यांनी विचारलं.

सगळे पंख्याकडं बघायला लागले. साहेबसुद्धा. निवृत्तीला तीन आठवडे राहिलेले. मीही पंख्याकडंच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूर्यभान म्हणाले, "पहिली डिस्क कोरी झालीय. ती पूर्ण पुसतो आणि नव्यानं सिस्टिम टाकतो. घाबरू नका, नोंदी दुसरीत सुरक्षित आहेत."

सगळ्यांनी हुश्श केलं. आणि माझ्या डोळ्यांपुढं ते ताट फिरलं.

मला दिसेल ते वाचायची खोड आहे. मी फायलीतून सूर्यभानांनी डिस्का बसवताना दिलेला कागद काढला. दोन्ही डिस्कांचे नंबर त्यावर होते. पहिलीच्या शेवटी शेहेचाळीस, दुसरीच्या एक्याण्णव. त्यांच्या पाठीमागून वाकून उघड्या मशीनमध्ये पाहिलं. पहिल्या जागेवर एक्याण्णव! पुसली जाणार होती ती पंडितांची पाच वर्षं. दुसरी नक्कल कुठंच नव्हती: जुन्या डिस्का मोडीत गेलेल्या, आणि नक्कल घ्यायचं टेपचं यंत्र वर्षभर बंद.

"साहेब, जरा भाईर या."

"आता नको, बाई."

"आताच या. पूजेत ताट फिरलं व्हतं. त्यो दुसरीच पुसायलाय!"

साहेबांनी कागद पाहिला. चेहरा पांढरा पडला. मी म्हणाले, "तुमचं नाव नका घेऊ. मला कागदावरून कळलं, असं सांगते मी."

ते सरळ आत गेले. पडद्यावर मशीन विचारत होती, पुसू का? सूर्यभानांचं बोट खाली येत होतं.

"सूर्यभान, हात उचला! मशीन मी उघडली होती. पूजेसाठी. आणि दोन दिवस तुमच्यापासून लपवलं."

"पूजा? डिस्कची?" सूर्यभान उभेच राहिले. "साहेब, हळद आत गेली असती तर?"

दारातून चतुराबाईंचा आवाज आला, "वरूनच लावली व्हती, बोटभर!"

मित्रांनो, त्या जुळ्या डिस्कांची अदलाबदल करायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. साहेब मला म्हणाले, "बटण तुमी दाबा." मी दाबलं. घरघर, दिवा, आणि मग अक्षरं! एकामागून एक धावत सुटली. चतुराबाईंनी मला मिठीच मारली. साहेबांनी पहिली नोंद उघडून दिली आणि मी मोठ्यानं वाचली: "चुडावा, स्टेशनामागं. मालक दुपारी झोपतात. उठवू नये, विहिरीवर बसावं. पाणी गोड आहे." सगळी खोली हसली. मला रडू आलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

साहेबांनी आपली चूक त्याच दिवशी चेअरमन साहेबांना लेखी कळवली. कोण सांगायला गेलं होतं? निवृत्तीच्या तोंडावर कोण असा कागद स्वतःच्या फायलीत लावून घेतो? चेअरमन साहेब त्यावर काय बोलले ते त्यांनाच विचारा. टेपच्या यंत्राची दुरुस्ती मात्र दुसऱ्याच दिवशी मंजूर झाली.

आणि गेले पंधरा दिवस साहेब रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून टेपवर नक्कल घ्यायला शिकवत होते. मी दोनदा चुकले. काल मी एकटीनं पूर्ण टेप उतरवली, वर चिठ्ठी लावली आणि कपाटात ठेवली. पंडितांचे शेरे आता दोन ठिकाणी आहेत. साहेब, तुम्ही उद्यापासून येणार नाही, तरी दर शनिवारी हे काम होईल. माझ्याकडून तुमचा सत्कार एवढाच.

आपण सर्वांनी माझं बोलणं ऐकून घेतलं, मी आभारी आहे. सभेत बोलायची ही माझी पहिलीच वेळ. भरात कुणाबद्दल जास्त बोलले असेन, तर आपली समजून पोटात घाला. जयभीम, नमस्कार.