बाटलीवर लिहिलेली वेळ

—नाही हो ग्यानोबाराव, तुमच्या पंचशीलानं लबाडी केली असं मी कुठं म्हणालो? चौकशी समिती म्हणते. मी पंचशीलाचा पीएचडीचा गाईड — म्हणजे होतो, निवृत्त झालो, तरी रोज या प्रयोगशाळेत येऊन बसतो, सवय जात नाही — मी तसं म्हणेन का? बसा. किनवटहून आलात, जरा टेका. काय? सहा वर्षं ती इथं करून काय राहिली? माश्या पाळते. खरंच सांगतो. केळ्यांवर चिलटं बसतात ना, तीच. त्यांच्या अंगातली कोणती दोन प्रथिनं एकमेकांना भेटतात, ते डोळ्यांना दिसत नाही. मग हिरवा उजेड देणाऱ्या एका प्रथिनाचे दोन तुकडे करायचे आणि या दोघांना एकेक जोडायचा — एक मादीच्या वंशात, दुसरा नराच्या. पिल्लात दोन्ही उतरले आणि ती दोघं भेटली, की तुकडे जुळतात, जिवंत अळीचा मेंदू हिरवा चमकतो. पंचशीलाच्या अळ्या चमकल्या. चारदा. मी पाहिल्यात — आता माझे डोळे म्हणजे, जाऊ द्या, पण पाहिल्यात. समिती म्हणाली, आमच्यासमोर करा. केलं, तर निम्म्या अळ्या काळ्या. झालं, आधीचे फोटो बनावट ठरले. आज तीनला तिची पीएचडीची नोंदणी रद्द करायला बसतायत.

काळ्या का? शंभर कारणं असतात. मादी कोशातून निघाली की आठ तासांत वेगळी काढावी लागते, नाहीतर बाटलीतल्या भावांशीच तिचं — काय सांगू तुम्हाला — जुळतं. मग दुसरा तुकडा येणार कुठून? पंचशीलाचं तसं नसतं. सकाळी सहाला जुन्या माश्या झटकून बाटल्या मोकळ्या करते, मागं नुसते कोश उरतात, बाराच्या ठोक्याला माद्या काढते. समितीसमोरच्या प्रयोगासाठी माद्या काढायच्या, त्या दिवशी नव्हती. तुमचंच ऑपरेशन होतं ना — हां, अपेंडिक्सचं. सहाला बाटल्या मोकळ्या करून निघाली. ‘सर, बाराला एवढं बघाल?’ म्हणाली. बघतो म्हटलं. जेवून जरा कलंडलो, ऊन किती होतं, जाग आली तेव्हा चार वाजले होते. बाटलीवर वेळ लिहावी लागते. मी बारा लिहिलं. का लिहिलं? पस्तीस वर्षं पोरांना दहा मिनिटांवरून झापलं, म्हणून असेल. वाटलं, एखाददुसरी मादी बिघडली असेल. परत आल्यावर तिनं विचारलंही, ‘सर, बारालाच ना?’ हो म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. समितीपुढंही माझं नाव काढलं नाही.

असं बघू नका. सांगणार आहे मी. अध्यक्ष रुद्राणी माझीच विद्यार्थिनी, तिला हा आठ तासांचा कायदा मीच शिकवला — तिच्यापुढं, सगळ्यांदेखत, कसं... उद्या तिच्या घरी जातो. निवांत समजावतो. उद्याचा उपयोग नाही? ते मला कळत नाही का? पण माझंही वय बघा, आता मी — तुम्ही जा बरं. खाली थांबा, पोरीजवळ. मी येतो. येईन म्हटलं ना. — हात सोडा, ग्यानोबाराव.