झाकणाची कड

हळू ठिवा, हळू — आवाज नका करू, आत लेक बसलीय माझी, अर्पिता. इथं, ह्या रंगाच्या डब्यांमागं ठिवा मशीन. आता बोला परत, भाऊ, तुमच्या साहेबांनी काय निरोप दिलाय? झाकणाच्या कडेला रंग — व्हय, रंगच हाय तो. आन् त्याच्यापायी मशीन नापास? वायर न्हाई, सर्किट न्हाई — रंग?

बसा जरा. तुमी तपासणीवाल्यांची गाडी चालवता, तुमाला ठाऊकच असंल — सोलर पंप चालवायची मशीन ही, माझ्या पोरीनंच बनवलेली, सातशे होल्टचा करंट खेळतो हिच्यात, आन् तिकडं तपासणीत तिला खोलीत कोंडून चहूकडून रेडिओच्या लहरींचा मारा करत्यात. बिचकली न्हाई पायजे. बिचकली तर? शेजारी वेल्डिंग चाललं की शेतातली मोटार बंद! पोरगी जेवताना हेच सांगायची, मी आपला हूं हूं करायचो. काय झालं — तपासणीला जायच्या आदल्या दिवशी मशीन इथं मुक्कामाला. झाकण काढून बघतो तर आतून-भाईरून झकास रंग, आन् कड तेवढी कोरी! सटवाजी पेंटरच्या घरून अर्धवट रंगवलेला डबा जाईल? अख्ख्या सोनपेठात माझ्या पाट्या हायत. मारला हात. चांगल्या मनानं मारला. पत्र्याला पत्रा उघडाच टेकावा लागतो, मधी रंग आला की लहरी आत घुसत्यात — हे मला काय ठाऊक?

म्हणजे — तिनं सांगितलतं. बाबा, कडेला हात लावू नका, ती तशीच लागती. सांगितलतं. मला वाटलं, पोरीला रंगातलं काय कळतं.

आता काय करायलीय ती? नापास एवढंच कळलंय तिला, कागदावर अख्खं सर्किट उसवायलीय. काल तिच्या कंपनीच्या मालकाला फोनवर म्हणली, चूक माझीच हाय, हे काम दुसऱ्याला द्या. रडली न्हाई, नुसती म्हणली. मी इथं ब्रश धूत ऐकायलतो. तवाच मला कड आठवली — तरी ब्रशच धूत राह्यलो. लाज वाटती हो, लय लाज वाटती. न्हाई, न्हाई, तुमी नका सांगू. मीच सांगतो. मग ती मालकाला परत फोन लावंल, काम तिच्याकडंच राहील. बापच हाय ना मी. आदी ही कड घासून घेतो, मग —

कोण? कोणी न्हाई गं, अर्पिता. पाव्हण्यांना दुकानाची पाटी करायचीय, रंग बघायला आलेत. तू तुझं चालू दे.

जावा आता तुमी. जावा म्हणलं ना.