आपल्याच मळ्याचा रस

हॅलो?… हां हर्षाली, बोल… नाही गं, झोपले नव्हते. फोन डब्याच्या झाकणावर ठेवला होता, केवढा खडखडला. घर आत्ता कुठे शांत झालं होतं… हळूच बोलते हं. सासूबाई गॅलरीत आहेत. समर्थ त्यांच्याजवळ बसून मेथी निवडतोय. म्हणजे पानं टाकतोय आणि काड्या ठेवतोय.

काय?… हो, ती खोक्यातली वाईन ना… चांगली होती गं. खरंच. घे की तू शनिवारी. एवढी माणसं येणार, बाटल्या कुठे आणत बसतेस… हो, आत पिशवी असते, खाली तोटी. पाण्याच्या जारसारखी. दाबली की ग्लासात… नाही, महिनाभर काही होत नाही म्हणे. तेच मला बरं वाटलं. बाटली उघडली की ती संपवायची घाई. ही कशी, रविराजला थोडी, मला थोडी, झालं… आणि काच नाही. चार वर्षांचं पोरगं घरभर पळतंय, मला काच नकोच वाटते.

चव?… आता अगदी भारीतली नाही. पहिला घोट जरा तुरट… स्वस्तातलीच आहे ना शेवटी. गार कर, संत्र्याच्या फोडी टाक, वरून थोडा सोडा. कांदाभज्यांबरोबर मस्त लागते… अगं, सनी म्हणे, खोक्यातली मी नाही पिणार… रविराजचा मित्र गं. हो, तोच, ग्लास हुंगत बसणारा. मग मी आत जाऊन स्टीलच्या जगमध्ये काढली आणि दिली त्याला. म्हणतो, वहिनी, ही कुठली, फारच छान. परत परत मागून घेतली… नाही सांगितलं. कशाला बिचाऱ्याचं मन मोडायचं.

उरलीय का?… तेच तर सांगायचंय तुला. ऐक ना… अगं ऐक तर. गेली ती. सगळी. सिंकमध्ये… मी नाही. आईंनी ओतली, सासूबाईंनी.

हो, सापडली त्यांना… थांब, घाबरू नकोस. कुठे जात नाहीत त्या, इथेच राहणारेत. मी उद्या जॉईन होतेय… होतेय गं, खरंच. सकाळी वाटलं होतं, गेलं सगळं. त्या गावी गेल्या असत्या तर समर्थला ठेवणार कोणाकडे? नोकरी हातची जायची.

सांगते. काल त्या देवळालीला होत्या, भाचीकडे. म्हणून तर कालच बोलावलं सगळ्यांना. उरलेलं खोकं दुधाच्या मागे ठेवलं, सकाळी रविराज ते सनीकडे नेऊन देणार होता. आणि आई सकाळी सकाळी रिक्षाने हजर. रविराजने दार उघडलं आणि परत जाऊन झोपला, शहाणा. त्यांनी चहाला दूध काढायला फ्रीज उघडला.

नाही, तुला अजून कळलं नाही. आमचा विंचूरकडचा मळा आहे ना, तिथली द्राक्षं वाईनचीच… हो. पण आईंना माहीत नाही… अगं, रविराजचे थोरले काका दारूपायी गेले. शेवटी त्यांचं सगळं आईंनीच केलं. दारूचं नाव निघालं तरी त्या ताटावरून उठतात. मग ह्या वेली लावायच्या वेळी अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सांगून टाकलं की फॅक्टरी रसाची आहे. तेव्हापासून सगळे तेच बोलतात. टेम्पोवाला सावळीरामसुद्धा… काय सांगू तुला, दरवर्षी पहिल्या क्रेटला त्या हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. म्हणतात, कुणाच्या तरी लेकराच्या अंगी लागू दे… हो ना. मला तिथे उभंच राहवत नाही.

तर खोक्यावर हा एवढा मोठा द्राक्षांचा घड. चष्मा पिशवीत. त्यांना वाटलं, आपल्याच मळ्याचा रस, फॅक्टरीने घरी पाठवला. मग पहिला कुणाला द्यायचा?… बरोबर. मी डोळे चोळत बाहेर आले तर देवासमोर चांदीची वाटी, वर तुळशीचं पान. लालभडक… हसू नकोस. आई हात जोडून. शेजारी समर्थ, डोळे घट्ट मिटून, हात पुढे करून बसलेला. आणि पळी निघाली त्याच्या हाताकडे.

ओरडलेच मी. आई, थांबा… त्या बघतच राहिल्या. प्रसादाला कुणी थांबा म्हणतं का? "का गं?" म्हणाल्या. म्हटलं, त्याला सर्दी आहे, ते गार आहे… हो, एवढंच सुचलं. "मंग मीच घेते." आणि घेतली.

…काय होणार? घोट गिळला. डोळे मिटलेले. तेवढ्यात मी मनातल्या मनात त्यांची पिशवी भरली, त्यांना एसटीत बसवलं, ऑफिसला फोन करून येत नाही सांगितलं, सगळं करून मोकळी झाले.

मग डोळे उघडले त्यांनी. म्हणाल्या, "योगिनी, हे तं आंबलंय."

हो… आंबलंय म्हणे. नासलंय. "एवढी सोन्यासारखी द्राक्षं देतो आपण, अन् रसाची ही गत केली मेल्यांनी." उचललं खोकं, तोटी सिंकमध्ये दाबून धरली. दोन्ही हातांनी. शेवटचा थेंब जाईपर्यंत… माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "तू नाय ना प्याली यातलं?" म्हटलं, थोडंसं. लगेच ओवा दिला चावायला… चावला की. उभी राहून चावला. "बरं झालं पोराला दिऊ दिलं नाय तू," म्हणाल्या आणि गालावरून हात फिरवला माझ्या. हर्षाली, मला हायसं वाटत होतं की रडू येत होतं, कळेना.

रविराज?… बाथरूममध्ये, नळ सोडून हसत होता. बाहेर आला तर हुकूम, फॅक्टरीला फोन लाव, आपल्या मळ्याचं नाव जातंय… लावला ना. सावळीरामला लावला. तो तिकडून म्हणाला, हो मावशी, बोलतो मी साहेबांशी.

देवाचं काय… देवाने अजून तरी काही तक्रार केली नाही. वाटी घासून ठेवली मी.

हां… सांगायला हवं, कळतं गं मला. रविराज म्हणतो, आधी तुझी नोकरी रुळू दे… नाही, मलाही ते पूर्ण पटत नाही. पण आज नको. आज त्या गॅलरीत बसल्यात, समर्थ त्यांना टेकून बसलाय, माझे ड्रेस इस्त्री होऊन आलेत. आजचा दिवस असाच असू दे मला.

तू घे गं खोकं, बिनधास्त घे. तुझ्याकडे काय, तुझ्या सासूबाईच म्हणतील, अजून थोडी दे… थांब हं, समर्थ आलाय. काय रे राजा?… हर्षाली मावशीशी बोलतेय… काय?… परत सांग, आजी काय म्हणाली?

…ऐकलंस का गं? आजी म्हणे त्याला घेऊन जाणार. माघात द्राक्षांचा तोडा सुरू झाला की सावळीरामच्या टेम्पोत बसून, थेट फॅक्टरीत. तिथे डोळ्यांसमोर काढलेला, चांगला, ताजा रस पाजणार त्याला… हो बाळा, ऐकतेय मी… ओढू नकोस ना… हो, ऐकलं… ठेवते गं हर्षाली. तो विचारतोय, मम्मा, तिथे लहान मुलांना किती ग्लास देतात?