देशी पर्याय उपलब्ध

गाडी जवळ आली की आपोआप वाजणारी विलायती घंटा आपल्या फाटकावर बसलीच म्हणून समजा, असं फाटकवाल्या झुलालने साऱ्या गावाला सांगून टाकलं होतं. आज धुळे स्टेशनात रजेच्या रांगेत मात्र, आपण असं कधी बोललोच नाही, अशा चेहऱ्याने तो उभा होता. मागे, त्याच खिडकीवर पेन्शनच्या कामाला आलेले गावातलेच चुडामणनाना होते.

"काय झुलालभाऊ, घंटा वाजते ना?"

"कोन्ती घंटा, नाना?"

"अरे, ती विलायती! देशी मालच घ्यायचा असा नियम आहे, पण तिला सूट मिळणार होती ना?"

"तेच इचाराले साहेब येल व्हतात. हाई काम करनारं देशात दुसरं काही शे का, म्हने."

"मग नाही म्हणायचं!"

"माले कुठली अक्कल! मी छाती फुगाईसन सांगं, मी शे ना! गाडी येवाना आधी मन्ही म्हैस कान टवकारस, मी फाटक लाई देस. आजपावत एक कोंबडीबी नही मरनी."

"साहेब काय म्हणाले?"

"पाठ थोपटी. आनि लिखं, देशी पर्याय उपलब्ध, सूट नामंजूर."

"म्हशीचं नाव लिहिलं?"

"नही ना! बठ्ठं मन्हाच नाववर."

"बरं, रजा कशाला?"

"पोरनं लगीन शे चोपडाले. पन आते म्हनतस, देशात एवढा एकच पर्याय, त्याले रजा देता येस नही."

खिडकी आली. झुलालने अर्ज सरकवला. नानांनी मान लांब करून शेवटची ओळ वाचली:

'तरी अर्जदारास मुलीच्या लग्नापुरते विदेशी बनावटीचे समजण्यात यावे, ही नम्र विनंती.'