साक्षीची वात

नाव जंगू लच्चू कुळमेथे, वय ४६ वर्षे, धंदा विहीर खोदकाम, राहणार मौजा येरगुडा, तालुका राजुरा, जिल्हा चंद्रपूर. आज दि. १७ मे २०२४ रोजी दुपारी १२ वाजता मी स्वतः ठाण्यात येऊन सांगतो की,

मी बावीस वर्षांपासून विहिरीत सुरुंग लावतो. आमची रीत अशी की, खाली लावायच्या वातीएवढीच एक वात वर खुंटीला बांधतात. खालून हाक आली की यारीवाला ती पेटवतो. तिला साक्षीची वात म्हणतात. ती अर्धी जळायच्या आत खालचा माणूस वर आलाच पाहिजे. यारी म्हणजे डोल, म्हणजे मोठी लोखंडी बादली, वर ओढणारे इंजिन. तीस फुटांना अर्धे मिनिट लागते.

दि. २८ एप्रिल रोजी यारीवाला निकेश वामनराव वाढई, वय २४, कामावर दारू पिऊन आला. मी त्याला सर्वांसमोर थापड मारली. त्याचा मला आजही पस्तावा नाही.

दि. २९ रोजी सकाळी १०.४० वाजता मी तळाशी तीन वाती पेटवल्या. प्रत्येक तीन हात लांब. हाक दिली आणि डोलात उभा राहिलो. डोल हलला नाही. वर पाहिले तर निकेश काठावर वाकून प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. तो म्हणाला, "आज पाह्यतो तुले." त्यानंतर मला इंजिनचा आवाज ऐकू आला नाही, माझा स्वतःचाही नाही. डोलाच्या कडेवरून सुटलेला पाण्याचा थेंब मी खाली येईपर्यंत पाहिला. माझी मुलगी निशा हिच्या चपलेचा अंगठा शिवायचा राहिला, हे आठवले. निकेशने खर्रा तोंडात टाकला, पन्नी झटकली, घडी घालून खिशात ठेवली. मग मी डोलातून उतरलो. दोन वाती टोपीसकट उपसून दगडांच्या ढिगामागे फेकल्या. टोपी म्हणजे वातीच्या टोकाला असतो तो स्फोटक तुकडा. तिसरी उपसताना टोपी माझ्या डाव्या हातात फुटली.

मला मनकर्णाबाई टेकाम हिने स्वतः यारी चालवून वर काढले. ती इतर मजुरांसोबत झाडाखाली लांब उभी होती. डोल का येत नाही, असे तिने ओरडून विचारले होते. वात विझली, सुरुंग लागलाच नाही, असे निकेशने तिला सांगितले. साक्षीची वात अर्धी शिल्लक सापडली असून ती पोलिसांनी जप्त केली आहे. तिचे टोक चिमटीने दाबून विझवलेले आहे.

निकेश दवाखान्यात येऊन म्हणाला, "जंगूभाऊ, मी घाबरलो. हात गार पडले. एका क्षणात झालं सारं." मी म्हटले, "घाबरलेल्या माणसाले चिमटीनं वात विझवता येते काय?" त्याचे वडील वामनराव म्हणाले की, पोराचे वय पाहा, आपसात मिटवू. मी म्हटले, "मिटवतो. त्याले त्याच विहिरीत उतरवा. यारीवर मी बसतो. इंजिन एका हातानं चालते."

साहेबांनी विचारले, एवढे सगळे इतक्या थोड्या वेळात कसे दिसले. जीव धोक्यात आला की वेळ लांबल्यासारखा वाटतो, असे ते म्हणाले. मला तर तो एक तास वाटला होता. म्हणून आज ठाण्याच्या आवारात पंचांसमोर तीन हात वात पेटवली. ती दोन मिनिटे वीस सेकंद जळली. मला तास वाटला, निकेशला क्षण वाटला. आमच्या दोघांचेही ऐकू नका, वातीचे ऐका. त्याला पुरेसा वेळ होता.

निकेशला माफ करण्याची माझी इच्छा नाही. कोर्टात त्याच्यासमोर तेवढीच वात पेटवावी आणि ती संपेपर्यंत कोणी बोलू नये. मी त्याच्याकडे पाहत बसेन.

माझा हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचायला पाच मिनिटे लागली. तेवढ्यात ती वात दोनदा जळून संपते. मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे.

निशाणी : डावा हात नसल्याने उजव्या अंगठ्याचा ठसा घेतला.